माझ्या कोबीच्या गड्ड्या!

"फ्रेंच लोक बायकोला कोबी म्हणतात! हॅ हॅ हॅ!"

हा विनोद तुम्ही कुठेतरी ऐकला असणारच. मीही ऐकलाय, आणि हसलोयसुद्धा. आज त्याचंच प्रायश्चित्त घेतोय असं समजा.

झालं असं. आमच्याकडे एका फ्रेंच क्लायंटचं काम सुरू होणार होतं. त्याआधी आम्हाला अर्ध्या तासाचं 'कल्चर' सेशन. त्यात एक स्लाईड होती - 'फ्रेंच: प्रेमाची भाषा'. मा शेरी म्हणजे डिअर, मों शू म्हणजे माझा कोबी, मा प्यूस म्हणजे माझी पिसू. सगळे खो खो हसले. मी पुण्यात फ्रेंचच्या दोन लेव्हल केलेल्या, त्यामुळे स्लाईड फसवी आहे हे मला कळत होतं. पण जेवायची वेळ झाली होती, कोण हात वर करणार? गप्प बसलो.

महिन्याभराने आमच्यातल्या एका नव्या पोराने वीकली कॉलवर तिकडच्या बाईंचं स्वागत केलं, "बोंजूर, मा शेरी!" बाई वयाने आणि हुद्द्याने त्याच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. दोन सेकंद शांतता. मग त्यांनी सरळ कामाला सुरुवात केली. पण त्या दिवसापासून त्याला येणाऱ्या त्यांच्या मेल 'मस्य' आणि आडनावाने सुरू व्हायला लागल्या. म्हणजे आपलं 'श्रीयुत अमुक'. आधी पहिल्या नावाने यायच्या. पोराला काही कळेना. म्हणाला, "शेरी म्हणजे डिअरच ना? डिअर तर आपण सगळ्यांनाच लिहितो की!"

मी त्याला विचारलं, "उद्या एखादा फ्रेंच माणूस थोडं मराठी शिकून आला आणि कॉलवर आपल्या मॅनेजर मॅडमना म्हणाला, 'काय गं राणी, कशी आहेस?' तर?"

पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला.

माझं म्हणणं आहे की चूक त्याची नव्हती. चूक त्या स्लाईडची, आणि तसल्या याद्या बनवणाऱ्यांची. या लोकांना वाटतं लाडाच्या शब्दाचा अर्थ डिक्शनरीत असतो. नसतो हो! तो कोण, कुणाला, कुठे म्हणतंय यात असतो.

आपलंच बघा. आजी नातवाला म्हणते, "मेल्या, जेवलास का?" करा भाषांतर! 'हे मृत माणसा, तुझं भोजन झालं का?' आपण पोरांना माकडा म्हणतो, गधड्या म्हणतो, बायकोला पिल्लू म्हणतो. तेव्हा आपल्याला कोणी प्राणिसंग्रहालय काढलंय असं म्हणत नाही. मग फ्रेंच आईने लेकीला पिसू म्हटलं तर एवढं हसण्यासारखं काय? पिसू एवढीशी असते, टुणटुण उड्या मारते. लहान पोर दुसरं काय करतं? आणि त्या कोबीचं म्हणाल तर शू म्हणजे कोबी खरा, पण क्रीम भरलेल्या त्या फुगीर पेस्ट्रीलाही शू म्हणतात. शिवाय बाळं कुठून येतात या प्रश्नाला तिकडच्या आजीबाईंचं ठरलेलं उत्तर असं, की मुलगे कोबीत सापडतात आणि मुली गुलाबात. हे सगळं त्या शब्दाच्या मागे उभं असतं. स्लाईडवर उरते फक्त भाजी.

दुसरा गैरसमज म्हणजे फ्रेंचमधलं सगळंच गोड, त्यामुळे कुणालाही काहीही म्हटलेलं चालतं. मुळीच नाही. 'मा पूल' म्हणजे माझी कोंबडी, हे घरात लाडाचं. पण नुसतं पूल बाईबद्दल वापरलं तर ती शिवी होऊ शकते. 'पती' म्हणजे छोटा. 'मों पती शू' लाडाचं, पण भांडणात कुणाला 'मों पती मस्य' म्हणून बघा, समोरचा बाह्या सरसावेल. सर्वात मजा 'ज तेम'ची. म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे. त्याला 'ब्यँ' जोडलं, जो एरवी 'चांगलं' या अर्थाचा शब्द, तर प्रेम वाढायला हवं ना? उलट कमी होतं! 'ज तेम ब्यँ' म्हणजे तू मला बरा वाटतोस, मित्र म्हणून. किती जणांनी हे ऐकून ट्रीट दिली असेल देव जाणे :)

आणि ज्यांना वाटतं की प्रेम म्हटलं की गुलुगुलु शब्द हवेतच, त्यांच्यासाठी सार्त्र आणि सिमोन द बोव्हुआर. दोघं आयुष्यभर एकमेकांना 'वू' म्हणत राहिले. वू म्हणजे 'तुम्ही'. आपल्या जुन्या एकतर्फी 'अहो'सारखं नव्हे, दोघंही. सार्त्र तिला कास्तोर म्हणायचा. कास्तोर म्हणजे बीव्हर, तो नदीत बांध घालणारा दातवाला प्राणी. बोव्हुआर हे आडनाव इंग्रजी बीव्हरसारखं वाटतं म्हणून १९२९ मध्ये एका मित्राने पाडलेलं हे नाव. १९३८ साली आलेली आपली पहिली कादंबरी सार्त्रने याच 'कास्तोर'ला अर्पण केली. उलट नेपोलियनचं बघा. १७९६ मध्ये जोसेफिनने पत्रात 'वू' लिहिलं म्हणून तो चांगलाच भडकला होता. एकच शब्द, एका जोडप्यात जवळीक, दुसऱ्यात दुरावा. घाला आता स्लाईडवर!

आता उच्चारांकडे. "एवढं काय त्यात, भावना पोचल्या म्हणजे झालं" असं म्हणणाऱ्यांना माझा विरोध आहे. फ्रेंच उच्चार म्हणजे नाकातून बोलायचा भाव खाणं नव्हे. त्यात अर्थ अडकलेला असतो.

पहिलं, शेरी. पुरुषाला आणि बाईला लिहिताना वेगळं, बोलताना अगदी एकच. फरक कळतो तो फक्त आधीच्या शब्दावरून. त्याला 'मों शेरी', तिला 'मा शेरी'. आणि इथे लोक ग्रीटिंग कार्डावर गर्लफ्रेंडला बेधडक 'मों शेरी' लिहितात! अर्धा दोष त्या फेरेरोच्या मों शेरी चॉकलेटचा. त्यात चेरी असते, म्हणून काहींना शेरी म्हणजे चेरीच वाटते. फ्रेंचमध्ये चेरीला स्रीज म्हणतात, काही संबंध नाही.

दुसरं, प्यूस. ओठ 'ऊ'चे ठेवून 'ई' म्हणायची, तो स्वर. आपण आळशीपणाने 'पूस' म्हटलं की झाला अंगठा! लेकीला हाक मारताय, 'अगं माझे अंगठ्या'. आणि हरिणीला 'बीश' म्हणतात, 'मा बीश' हा छान लाडाचा शब्द. तो इंग्रजी वळणाने उच्चारून बघा, म्हणजे उच्चाराचं महत्त्व गालावर कळेल.

तिसरं, मोंनामूर. आमूर पुल्लिंगी, म्हणून तो असो की ती, 'मों'च. पण 'आमी' म्हणजे मैत्रीण स्त्रीलिंगी असूनही 'मोंनामी'च. कारण मा आणि आमी, दोन 'आ' एकमेकांवर आपटतात. जुन्या फ्रेंचमध्ये यावर उपाय होता, मधला स्वर गिळून 'मामी' म्हणायचं. (आपली मामी नव्हे!) पुढे लोकांनी ते चुकीच्या ठिकाणी तोडून 'मा मी' केलं आणि 'मी' हा प्रेयसीसाठी नवाच शब्द तयार झाला. आमच्या भाषेत, बग होता, त्याचं फीचर झालं.

आणि 'मों'चं ते अनुनासिक अवघड आहे असं तर मराठी माणसाने म्हणूच नये. कोकणातली आजी आठवा. कोकणी बोलणाऱ्यांना तर शिकवायलाच नको. आपण १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांत ते अनुस्वार काढून टाकले, नाक काही कापून टाकलं नाही.

असो. लाडाचे शब्द शिकू नका असं मी म्हणत नाही. जरूर शिका, पण ते कुणाच्या तरी घरातले आहेत हे लक्षात ठेवा. घरात शिरायला आमंत्रण लागतं. 'मादम्वाझेल' तर लाडाचा शब्दही नाही, फक्त 'कुमारी', कानाला किती गोड! तरी फेब्रुवारी २०१२ मध्ये पंतप्रधानांच्या परिपत्रकाने तो सरकारी फॉर्मवरून काढायला सांगितला. का? तर लग्न झालंय की नाही हे पुरुषाला कुणी विचारत नाही, मग बाईला का? आपल्याला गोड वाटतं ते समोरच्यालाही गोड लागेल असं नाही.

त्या पोराने बाईंना दोन ओळींची माफीची मेल टाकली. उत्तर आलं, नीट आलं, पण सुरुवात अजून 'मस्य'नेच आहे.

स्लाईडही अजून तशीच आहे. पुढच्या बॅचला परत दाखवणार आहेत, परत कोबीवर सगळे हसणार आहेत.

या वेळी जेवणाची वेळ झाली तरी चालेल, मी हात वर करणार आहे.