जवानाचा सन्मान आणि त्याचे दुखरे पाय

पहाटे पाचच्या सुमारास पनवेलहून कर्नाळ्याच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यावर जो फिरावयास बाहेर पडतो, त्याला पाच-पाच, सात-सात जणांच्या गटाने धावणारी मुले हमखास भेटतात. पायांत स्वस्तातले बूट आणि एखाद्याच्या हातात वेळ मोजण्याचे घड्याळ, एवढाच त्यांचा सरंजाम. सैन्यभरतीच्या चाचणीत सोळाशे मीटरचे अंतर साडेपाच मिनिटांच्या आत कापणाऱ्यास त्या भागाचे पैकीच्या पैकी ६० गुण मिळतात. तेवढ्यासाठी ही मुले महिनोन् महिने डांबरी सडकेवर धावत असतात.

त्यांच्यापैकीच एक मुलगा गेल्या वर्षी माझ्या अर्थशास्त्राच्या तासाला लंगडत येऊ लागला. विचारले तेव्हा, “काही नाही सर, नडगी जरा दुखते,” असे म्हणून त्याने खिशातील वेदनाशामक गोळ्यांची पट्टी दाखविली. धावण्यापूर्वी एक आणि झोपताना एक, असा त्याचा क्रम चालू होता. गोळी कोणी लिहून दिली होती? कोणीच नाही. बरोबर धावणारे सारेच घेत होते. पुढे त्याच्या नडगीच्या हाडाला बारीक भेग पडल्याचे निष्पन्न झाले आणि ज्या भरतीसाठी त्याने एवढा आटापिटा केला, ती त्याच्यावाचूनच पार पडली.

या प्रसंगाने मनात एक प्रश्न उभा राहिला. तरुण सैनिकाविषयी आपल्या समाजाला आदर आहे, याविषयी शंका नाही. परंतु तो आदर नेमका कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो?

आपल्या रायगड जिल्ह्याला या आदराची मोठी परंपरा आहे. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले. बरोबरचे सारे सैनिक ठार वा जखमी झाले होते. ते ठाणे त्यांनी घेतले आणि तेथेच त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे २२ वर्षांचे होते. माणगावातील त्यांच्या पुतळ्यापुढे आजही माणसे नतमस्तक होतात, आणि ते उचितच आहे. परंतु पुतळा उभारला जातो तो मृत्यूनंतर. जो जवान मरत नाही, ज्याला पदक मिळत नाही, ज्याची फक्त कंबर, गुडघा वा टाच दुखत राहते, त्याच्या वाट्याला आपल्या आदराचा कोणता अंश येतो?

हिशेबाची दुसरी बाजू

हा प्रश्न भावनेचा असला, तरी त्याला हिशेबाचीही बाजू आहे. जून २०२२ मध्ये ‘अग्निपथ’ योजना जाहीर झाली. तिच्या मूळ आराखड्यानुसार साडेसतरा ते एकवीस वयाच्या तरुणास चार वर्षांसाठी सैन्यात घेतले जाते. पहिल्या वर्षी दरमहा ३० हजार रुपये, त्यातील ३० टक्के ‘सेवानिधी’त जमा, सरकारची तेवढीच भर, आणि चार वर्षांअखेर व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये असे तिचे गणित आहे. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के तरुणांना कायम करावयाचे आणि बाकीच्यांनी घरी परतावयाचे. परतणाऱ्यास निवृत्तिवेतन नाही, उपदान नाही आणि माजी सैनिकांची वैद्यकीय योजनाही नाही.

मृत्यूची तरतूद या योजनेत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील अग्निवीर अक्षय गवते यांना सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना मृत्यू आला. तेव्हा कुटुंबास ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान इत्यादी रकमा मिळतील, असे लष्कराने जाहीर केले. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाचीही तरतूद आहे: १००, ७५ आणि ५० टक्के अशा पायऱ्यांना अनुक्रमे ४४, २५ व १५ लाख. या तरतुदी मोलाच्या आहेत. परंतु जिना चढताना कळ आणणारा गुडघा, थंडीत ताठणारी पाठ किंवा पहाटे पहिले पाऊल टाकताना ठणकणारी टाच यांचे काय? ही रोजची दुखणी अपंगत्वाच्या व्याख्येत सहसा बसत नाहीत. त्यांचा खर्च शेवटी त्या तरुणाच्या अंगावरच पडतो, आणि तोही वयाच्या पंचविशीच्या आत.

ॲडम स्मिथने १७७६ मध्येच या गोष्टीवर बोट ठेवले होते. साध्या सैनिकाचा पगार सामान्य मजुराहून कमी आणि त्याचे श्रम मात्र कितीतरी अधिक, तरीही तरुण रांगा लावतात. कारण तारुण्य आशेचे मोल फार धरते आणि धोक्याचे फार थोडे, असा त्याच्या विवेचनाचा सारांश आहे. आज पगाराची तुलना पूर्वीसारखी राहिलेली नाही, परंतु तरुण मनाविषयीचे ते निरीक्षण जसेच्या तसे खरे आहे. तरुण स्वतःच्या दुखण्याचा हिशेब ठेवत नाहीत. म्हणूनच तो वडीलधाऱ्यांनी ठेवावयास हवा.

गोळी आणि तेल

सैनिकाच्या पायदुखीला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र इतिहास आहे. १८५५ साली ब्रायथाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने कूच करून आलेल्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचे वर्णन लिहून ठेवले. ही सूज कशाची, हे त्याला कळण्यासारखे नव्हते. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतर त्या सुजेच्या तळाशी हाडातील बारीक भेग आहे, हे दिसून आले. त्या जवानांचे पाय खरोखरच मोडलेले होते. ‘जरा दुखते’ या शब्दांआड काय दडलेले असू शकते, याचा याहून बोलका दाखला मिळणे कठीण.

अशा वेळी वेदनाशामक गोळी काय करते? ती वेदना दाबते, परंतु भेग सांधत नाही. वेदना ही शरीराने घातलेली हाक असते आणि ती ऐकू येईनाशी झाली की मुलगा त्याच पायावर पुन्हा धावतो. उपाशीपोटी, घामाने शरीरातील पाणी आटलेले असताना अशा गोळ्या रोज घेतल्या तर जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, ती वेगळीच.

पनवेलकरांना दुसरी वाट ठाऊक नाही असे नाही. १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिक यांनी याच गावी आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला आणि श्रीधूतपापेश्वराचे नाव महाराष्ट्रातील घरोघरी पोचले. आपल्या आज्या कोमट तिळाच्या तेलाने अंग चोळीत, निगडीचा पाला गरम करून त्याने शेकीत, मुरगळल्यावर आंबेहळद उगाळून लेप घालीत. यातील प्रत्येक उपायाला आधुनिक कसोटीचा सारखाच आधार आहे असे नाही. शेकाने कंबरदुखीला काही काळ आराम पडतो, हे चाचण्यांत दिसून आले आहे. लेपांविषयी तितक्या ठामपणे बोलता येत नाही. शिवाय ताज्या मुरगळीला पहिले एक-दोन दिवस थंड पाण्याची घडी बरी, चोळणे टाळलेलेच बरे.

‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी, हाही भ्रमच होय. दुखऱ्या टाचेला बिब्ब्याचा चटका देऊन फोड आणून घेतलेली माणसे आपण पाहिली आहेत, आणि अफूही निसर्गातूनच येते. उलट ॲस्पिरिनच्या गोळीचे मूळ विलो नावाच्या झाडाच्या सालीत शोधता येते. तेव्हा झाडपाला विरुद्ध रसायन हा वाद येथे गैरलागू आहे.

माझ्या मते घरगुती उपायांचे खरे सामर्थ्य निराळ्याच गोष्टीत आहे. तेल चोळून घेणारा माणूस अर्धा तास एका जागी बसतो. लेप घातलेला पाय घेऊन कोणी धावत सुटत नाही. म्हणजेच हे उपाय माणसाला विसावा घ्यावयास भाग पाडतात, आणि गोळी नेमका तोच विसावा हिरावून घेते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर गोळी पैशाने स्वस्त आणि शरीराला महाग. तेल-शेक पैशानेही स्वस्त, मात्र वेळेला महाग. आणि ज्याची वयोमर्यादा दिवसागणिक जवळ येत आहे, त्या मुलापाशी नसतो तो वेळच.

तेव्हा तरुण सैनिकाचा आदर करावयाचा, तर त्याला दुखणे बरे होण्यापुरता वेळ आणि जागा देणे येथून आरंभ करावयास हवा. यासाठी दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही. २०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली. इमारतींच्या दाटीत एखादे मातीचे मैदान पहाटे या मुलांसाठी खुले ठेवणे तिच्या आवाक्याबाहेरचे नाही. डांबरापेक्षा माती पायाला केव्हाही मऊ. महाविद्यालयांना भरतीची तयारी करणाऱ्यांची यादी ठेवता येईल, अस्थिरोगतज्ज्ञ आणि वैद्य यांना महिन्यातून एकदा बोलावता येईल. एकाच जागी बोट ठेवून दाखविता येणारी, रात्री ठणकणारी किंवा विसाव्यानेही न जाणारी वेदना तेलाने नव्हे तर तपासणीने सुटते, एवढे तरी प्रत्येक मुलाला कळलेच पाहिजे. चार वर्षांची सेवा संपवून जे परततील, त्यांची बाहेर पडताना हाडासांध्यांची तपासणी होऊन तिचा दाखला त्यांच्या हाती राहावा आणि उपचाराचा खर्च काही वर्षे सरकारने सोसावा. ही मागणी शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी अशा आपण सर्वांनीच लावून धरली पाहिजे. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. त्यातील बहुतेक जण आपल्याच गावांत, आपल्याच कचेऱ्यांत आणि वर्गांत परतावयाचे आहेत.

माझा तो विद्यार्थी आता पुन्हा धावतो. आई रात्री पायाला तेल लावून देते आणि आठवड्यातून दोन दिवस तो मुळीच धावत नाही. वयाच्या मर्यादेत त्याला आणखी एकच संधी उरली आहे. ती साधेल की नाही, कोणी सांगावे! परवा वाटेत भेटला तेव्हा मी विचारले, “पाय कसा आहे?” तो क्षणभर थांबला. “सर, भरतीचे काय झाले असेच सगळे विचारतात,” तो म्हणाला, “पायाचे कोणी विचारीत नाही.”