पाठीशी कोणी नसताना

पुण्यातल्या शनिवार, नारायण आणि सदाशिव या एकमेकींना लागून असलेल्या पेठांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुले-मुली राहतात. बीड, नांदेड, बुलढाणा, धुळे अशा जिल्ह्यांतून आलेल्या या मुलांचा दिवस कॉट बेसिसवरची खोली, अभ्यासिका आणि मेस यांत जातो. त्यातला एखादा तास जिमला मिळतो आणि तोही ठरलेला नसतो. कोणी पहाटे साडेपाचला जातो, कोणी अभ्यासिकेतून उठून रात्री दहाला. पूर्वपरीक्षा झाली की बरेच जण गावी जातात, त्यांत जिममधला पार्टनरही जातो. मागे राहिलेला मुलगा व्यायाम सोडत नाही, सोडूही नये. मात्र कालपर्यंत जे वजन तो दोघांच्या भरवशावर उचलत होता, तेच आज एकट्याने घ्यायला बाकावर आडवा होतो. त्या वेळी हात थकले तर त्याला वाचवणारे जिममध्ये काय आहे, याचा विचार फार थोड्या ठिकाणी झालेला दिसतो.

या गावाला व्यायाम नवा नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या रुजवली. पुढे पेठापेठांतल्या तालमींनी जोर-बैठका, करेल आणि कुस्ती चालवली. तालमीत मेहनत करणाऱ्यावर वस्तादाची नजर असे, लढतीला जोड असे. शिवाय त्या व्यायामात दमलेल्याला सुटायला वाट होती. जोर काढताना हात सुटले तर छाती मातीला टेकते, करेल झेपेनाशी झाली तर बाजूला टाकता येते. बेंच प्रेसमध्ये ही वाट बंद असते. पाठीखाली बाक, वर लोखंड आणि मध्ये माणूस. रॉड छातीवर बसला की बरगड्या फुलत नाहीत, श्वास आत जात नाही आणि हाक मारायला लागणारी हवाही उरत नाही. गाणी मोठ्याने लावलेल्या हॉलमध्ये दहा फुटांवरच्या माणसालाही काही कळत नाही. तिथून रॉड गळ्याकडे घसरला तर शुद्ध हरपायला काही सेकंद पुरतात.

स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट या तीन प्रकारांचा खेळ म्हणजे पॉवरलिफ्टिंग. 1972 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमांनुसार स्पर्धेत मंचावर किमान दोन आणि कमाल पाच मदतनीस उभे असावे लागतात. वर्षानुवर्षे घडलेल्या, जागतिक दर्जाच्या खेळाडूलाही त्यातून सूट नाही. त्याच खेळाचा सराव आपल्याकडे एकट्याने, आणि पुष्कळदा नुसत्या दोन खुंट्यांच्या बाकावर होतो.

पार्टनर मिळाला की सगळे सुरक्षित झाले, असेही मानू नये. फेब्रुवारी 2025 मध्ये राजस्थानात बिकानेरला राष्ट्रीय पातळीवर सुवर्णपदक मिळवलेली 17 वर्षांची मुलगी 270 किलोचा स्क्वॉट करताना मानेवर रॉड येऊन दगावली. त्या वेळी प्रशिक्षक जवळ होते. 270 किलो निसटले की कोणाही माणसाचे दोन हात ते थांबवू शकत नाहीत. ते काम लोखंडाचेच आहे. आमच्या मते एकट्याने सराव करणाऱ्याने धरून ठेवायची गोष्ट हीच: पार्टनर गावी जाईल, थकेल, त्याचे लक्ष मोबाइलकडे जाईल, पण रॅकच्या, म्हणजे बाकाभोवतीच्या लोखंडी चौकटीच्या, रॉड अडवणाऱ्या आडव्या पिना जागेवरच राहतात, फक्त त्या योग्य भोकात असाव्या लागतात.

ते योग्य भोक शोधायला पाच मिनिटे लागतात. बाक रॅकच्या आत सरकवावा, 20 किलोचा रिकामा रॉड घ्यावा आणि खऱ्या सेटसारखेच झोपावे: खांदे मागे आवळलेले, छाती उंच, पाठीला कमान. रॉड छातीला टेकेल तेव्हा दोन्ही बाजूंच्या पिना त्याच्या बोटभर खाली हव्यात. मग श्वास सोडून कमान मोडावी, छाती सपाट करावी. रॉड पिनांवर ठाम बसला आणि छाती मोकळी झाली, तर भोक बरोबर. मग तसेच वर सरकून गळ्याशीही पाहावे, कारण मुख्य धोका तिथे आहे. कित्येक स्थानिक बनावटीच्या रॅकना भोके दूर दूर असतात. एक फार वर आणि त्याखालचे फार खाली, अशी अडचण आली तर वरच्या भोकात पिना ठेवून बाकाच्या चारही पायांखाली सारख्या जाडीच्या घट्ट रबरी मॅट घालाव्यात. बाक हलता कामा नये. हे जुळले की भोकांचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा आणि रोज सेटच्या आधी पुन्हा पाहावा, कारण मधल्या वेळात दुसऱ्या कोणी तरी पिना हलवलेल्या असतात.

रॅकच नसेल तर जड बेंच करूच नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी डंबेल घ्यावेत. हात थकले की ते बाजूला सोडता येतात. रॉडनेच करायचे असेल तर वजन हलके ठेवावे, अंगठा रॉडभोवती घट्ट आवळावा आणि प्लेटांना कॉलर लावू नये, म्हणजे अडकल्यावर रॉड एका बाजूला कलता करून प्लेटा उतरवता येतात. छातीवरून रॉड मांड्यांकडे लोळवत उठणे हाही मार्ग आहे, पण पोटावरून जड वजन लोळवणे किती कठीण ते करून पाहिल्यावरच कळते.

स्क्वॉटमध्येही पिना आपल्या सर्वांत खालच्या स्थितीच्या जरा खाली हव्यात. वजन उठेना तर पुढे वाकून झुंजू नये, आहे तसे खाली बसून रॉड पिनांवर ठेवावा. हे ‘हरणे’ रिकाम्या रॉडने चार-पाच वेळा मुद्दाम करून पाहावे. शरीराला वाट माहीत असली तर ऐन वेळी ते गोंधळत नाही. डेडलिफ्टमध्ये वजनाखाली अडकायची भीती नसते, कारण रॉड सोडता येतो. तिथे जपायची ती कंबर. पाठ गोल व्हायला लागली की सेट संपला, मग आकडा काहीही असो.

आता वजनाचा प्रश्न. ज्याची स्क्वॉटची सर्वोच्च उचल 140 किलो आहे, त्याची ताकद 105 ते 120 किलोंच्या नेटक्या सेटांनी वाढते. दर आठवड्याला 140 गाठायची गरज नसते. एकट्याने सराव करणाऱ्याने प्रत्येक सेट आणखी दोन रेप निघतील अशा टप्प्यावर थांबवावा आणि कमाल वजनाची परीक्षा काही महिन्यांतून एकदा, माणसे गोळा करूनच घ्यावी. आपल्या बहुतेक जिममध्ये सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची असते, म्हणजे वाढवायचे तर एकदम पाच किलो. बेंचवर ही उडी मोठी आहे. सव्वा किलोच्या दोन प्लेटा स्वतः विकत घेऊन पिशवीत ठेवल्या तर ती निम्म्यावर येते. पार्टनर नसलेल्याने केलेली ही सर्वांत शहाणी खरेदी ठरेल.

श्वास रोखून उचलल्याने पाठीला आधार मिळतो, पण रक्तदाबही उसळतो. 1985 मध्ये कॅनडातील संशोधकांनी पाच शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून तो मोजला, तेव्हा दोन्ही पायांच्या लेग प्रेसमध्ये सरासरी आकडा 320/250 निघाला. निरोगी तरुण क्षणभर हे सोसतो. ज्याला रक्तदाबाचा त्रास आहे किंवा ज्याने तो कधी तपासलेलाच नाही, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय जड रॉडखाली एकट्याने जाऊ नये. रात्रभर जागून, उपाशीपोटी केलेला जड सरावही टाळावा. परीक्षेच्या दिवसांत हे नेमके उलट होते, म्हणून मुद्दाम लिहावेसे वाटते.

ही सगळी जबाबदारी वीस-बावीस वर्षांच्या मुलावर टाकून मोकळे होणे मात्र बरोबर नाही. वर्षाची फी आगाऊ घेणाऱ्या जिमने आणि वर्गणीवर व्यायामशाळा चालवणाऱ्या मंडळांनी नवा आरसा किंवा नवे स्पीकर घेण्याआधी एक रॅक आणि पिनांची जोडी घ्यावी, आणि पहाटे व रात्री उशिरा किमान एक जाणता माणूस हॉलमध्ये राहील हे पाहावे. नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी पिना लावायला शिकवावे.

आणि तिथे रोज येणाऱ्यांना एक विनंती. कोपऱ्यातल्या बाकावर कोणी एकटा जड रॉडखाली झोपताना दिसला, तर त्याने ‘जरा सपोर्ट द्या’ म्हणेपर्यंत थांबू नका. नवख्याला ते म्हणायला संकोच वाटतो. आपला सेट बाजूला ठेवा, त्याच्या डोक्याशी जाऊन उभे राहा आणि किती रेप करणार आहे ते विचारा.