जुन्या फडताळाला नवा रंग

मैत्रिणींनो, स्वयंपाकघरातलं जुनं फडताळ यंदा घरीच रंगवायचं म्हणताय? अवश्य रंगवा! मात्र एक ध्यानात ठेवा. रंगातल्या शिशावर आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून कडक मर्यादा आली. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. कोरडं घासलंत तर त्याची धूळ उडते, आणि मुलांच्या मेंदूला ती घातक! तेव्हा मुलांना शेजारी धाडा, डबे-बरण्या हलवा. दिवस गेलेल्या बाईने तर हे काम करूच नये. फोडणीचा चिकटा धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने काढा. पाण्यात चालणारा पॉलिश पेपर ओला ठेवूनच हलक्या हाताने घासा. राड पुसलेलं फडकं फेकून द्या. लाकूड खडखडीत वाळलं की अस्तर, वर रंगाचे दोन पातळ हात. नव्या डब्यावर शिसं नसल्याची नोंद आहे ना, तेवढं दुकानातच पाहून घ्या.