क्रोटन की फणस?

कॉलेजच्या मॅगझिनमध्ये मत मांडायचं म्हणजे कॅम्पस इंटरव्ह्यू, रॅगिंग नाहीतर 'आजची तरुण पिढी' असाच विषय पाहिजे, असा एक समज आहे. मी मात्र झाडांवर लिहिणार आहे. आणि तेही 'झाडे लावा, झाडे जगवा' छापाचं नाही. माझा प्रश्न साधा आहे : लावायचं ते कोणतं झाड? मेन गेटपासून ऑफिसपर्यंत रांगेत उभं असलेलं रंगीबेरंगी क्रोटन, की वर्कशॉपच्या मागे कुणाच्या नजरेत न भरणारा फणस?

हा प्रश्न आत्ताच का पडला? कारण वर्कशॉपच्या मागे टू-व्हीलरसाठी नवीन शेड होणार आहे. त्या जागेत आपले दोन्ही फणस येतात. शेडच्या कडेने सुशोभीकरण म्हणून क्रोटनची बॉर्डर दाखवली आहे. म्हणजे हिशोब असा : दोन फणस वजा, क्रोटनची एक रांग अधिक. आता बेरीज-वजाबाकी आलीच आहे तर ती नीट करूया. शेवटी आपण इंजिनीअर आहोत, निदान होणार तरी आहोत!

आधी क्रोटनची बाजू. मला क्रोटनचा राग नाही. पिवळा, लाल, शेंदरी, जांभळा असे सगळे रंग एकाच पानावर दाखवणारी झाडं किती असतील? मुळात हे मलेशिया-इंडोनेशियाकडच्या बेटांवरचं आणि पॅसिफिकमधल्या बेटांवरचं झाड. फांदी लावली की महिना-दीड महिन्यात मुळं धरते, कुंडीत राहतं, कापून हवा तो आकार देता येतो, कचरा फारसा नाही. गंमत म्हणजे शास्त्रीय भाषेत हे 'क्रोटन' नव्हेच! त्याचं नाव कोडियम. खरं क्रोटन ही वेगळी प्रजाती, आपला जमालगोटा त्यातला. (व्हायवाला विचारणार नाहीत, घाबरू नका.)

पण क्रोटनची दुसरी बाजूही बघा. त्याचा रंग उन्हावर अवलंबून असतो. सावलीत ठेवलं की नवीन पानं हिरवट यायला लागतात. जागा बदलली की पानं गाळतं. म्हणून तर आपल्या कॉरिडॉरमधल्या कुंड्या कायमच्या नसतात. कमिटी येण्याच्या आदल्या दिवशी टेम्पो येतो, कुंड्या उतरतात. कमिटी गेली की तोच टेम्पो त्यांना घेऊन परत जातो. पानावर जिथे पिवळे ठिपके असतात तिथे हरितद्रव्य कमी असतं. म्हणजे जो भाग दिसायला सर्वांत सुंदर, तोच अन्न तयार करण्याच्या कामात सर्वांत मागे. फळ म्हणाल तर खाण्यासारखं काही नाही, आणि चीक अंगाला लागला तर काहींना खाज सुटते.

आता फणस. हा आपल्या घरचा, पश्चिम घाटातला. झाडावर धरणाऱ्या फळांत जगातलं सर्वांत मोठं फळ याचं. पंधरा-वीस किलोचा फणस आपल्याकडे कुणाला नवलाचा वाटत नाही. आणि एवढं वजन हे झाड लावतं कुठे? खोडावर आणि जाड फांद्यांच्या बुंध्याशी! एस.ओ.एम.मध्ये कॅन्टिलिव्हर शिकताना आपण जे घोकतो, की भार आधाराजवळ आला की बेंडिंग मोमेंट कमी होतो, ते फणस सेमिस्टर न देता पाळतो. वर एक फणस म्हणजे एक फळ नव्हे. शेकडो फुलांचा मिळून तो झालेला असतो, एकेक गरा एकेका फुलाचा.

उपयोगाचं तर विचारूच नका. कोवळा असताना कुयरीची भाजी, कापा असेल तर गरे तसेच खा नाहीतर तळा, बरका असेल तर सांदणं आणि फणसपोळी, उरलेल्या आठळ्या पावसाळ्यात उकडून किंवा भाजून. लाकडाचे दरवाजे होतात, वीणा आणि मृदंगम् होतात. केरळ सरकारने २०१८ साली फणसाला राज्यफळ केलं. आपण मात्र त्याला पार्किंगच्या आड येणारा अडथळा ठरवतोय.

आणि सावली? एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते, म्हणजे जवळजवळ पाऊण युनिट वीज. मोठं झाड पानांवाटे दिवसभर असं पाणी सोडत असतं आणि ती उष्णता आसपासच्या हवेतून आणि उन्हातून घेत असतं. पत्र्याची शेड काय करते? ऊन अडवते आणि स्वतः तापून खालच्याला भाजते. खात्री करायची असेल तर एप्रिलमध्ये दुपारी एक वाजता आधी जुन्या शेडखाली आणि मग फणसाखाली पाच मिनिटं उभे राहा.

फणसाविरुद्धचे मुद्देही खोटे नाहीत, ते टाळून चालणार नाही. दहा किलोचा फणस पाच मीटरवरून पडला तर ४९० ज्यूल ऊर्जा घेऊन येतो, वेग ताशी पस्तीस किलोमीटरच्या वर. खाली कुणाची बाईक असेल तर टाकी गेली, आणि डोकं असेल तर बोलायलाच नको. पिकून पडलेल्या फणसावर माशा येतात, चीक निघता निघत नाही. पण यावर उपाय कोकणातल्या कुठल्याही आजीला माहीत आहे. वरच्या फांद्यांवरची फळं कुयरी असतानाच काढायची आणि भाजीला द्यायची, खोडावरची तेवढी वाढू द्यायची. मेसला भाजी मिळेल, गाड्या वाचतील. चिकासाठी खोबरेल तेल आहेच.

राहिला जागेचा प्रश्न. आम्ही तिघांनी सर्व्हेइंगची टेप घेऊन ती जागा मोजली. दोन्ही बुंध्यांभोवती अडीच-अडीच मीटरचा चौकोन मोकळा सोडला तर सहा टू-व्हीलरची जागा कमी होते. फक्त सहा! तो चौकोन मात्र काँक्रीट न करता मातीचाच ठेवायला हवा आणि पाणी तिथे तुंबू देता कामा नये, कारण मुळाशी पाणी साचलेलं फणसाला सोसत नाही.

मग एवढं सोपं असूनही कागदावर क्रोटनच का येतं? माझ्या मते याचं कारण वेळेत आहे. क्रोटन एका महिन्यात दिसतं. त्याचा फोटो रिपोर्टला लावता येतो. बीपासून लावलेल्या फणसाला फळ धरायला साधारण सात-आठ वर्षं जातात. आपली डिग्री आठ सेमिस्टरची, फणसाची सोळा! म्हणजे लावणाऱ्याला गरे मिळणारच नाहीत. ज्यांनी आपले हे दोन फणस लावले त्यांनाही बहुतेक मिळाले नसतील. त्यांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत. सावली आपण खातोय. आणि ती तोडताना आपण कुणाला विचारणारही नाही, कारण पुढच्या बॅचेस अजून ॲडमिशनच्या रांगेतही नाहीत.

'फणस देशी म्हणून चांगला' असं मी म्हणत नाही. काजूही परदेशातूनच आला, आणि आज काजूशिवाय कोकण सांगता येत नाही. क्रोटनही राहू द्या, गेटवर राहू द्या, ऑफिससमोर राहू द्या. उन्हात ते छानच दिसतं. माझं म्हणणं एवढंच की शोभेचं झाड कामाच्या झाडाच्या बरोबर उभं राहावं, त्याच्या जागेवर नाही.

म्हणून मागणी स्पष्ट लिहितो. एक, शेडचं ड्रॉइंग पक्कं व्हायच्या आत सिव्हिलच्या मुलांना पर्यायी ले-आउट काढायची संधी द्यावी. दोन, कमिटीसाठी भाड्याने येणाऱ्या कुंड्यांच्या खर्चातून दरवर्षी निदान दोन कलमं आणावीत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण प्रॉलिफिक' ही कापा फणसाची जात काढलेली आहे, आणि कलमाला बीच्या झाडाइतकी वाट बघावी लागत नाही. तीन, कुयऱ्या काढायचं काम दर उन्हाळ्यात एन.एस.एस.ने घ्यावं.

पर्यायी ले-आउटच्या मागणीचा अर्ज लिहून तयार आहे, लायब्ररीच्या काउंटरवर ठेवलाय. ज्यांना पटत असेल त्यांनी सही करावी. ज्यांना पटत नसेल त्यांनीही यावं आणि का पटत नाही ते सांगावं. फक्त यायच्या आधी एकदा वर्कशॉपच्या मागे जाऊन ती दोन झाडं बघून या.