विश्लेषण : हेडलाइट बदलल्याने आपल्याला उजेड, समोरच्याला अंधार? दिव्याचा कोन कसा साधावा?

गोंदियाहून गोरेगावमार्गे कोहमाऱ्याकडे रात्री निघालेल्या वाहनचालकाला दोन अंधारांशी सामना करावा लागतो. एक जंगलाचा आणि दुसरा समोरून येणाऱ्या पांढऱ्याशुभ्र दिव्यांचा. गाडी बाजूने निघून जाते, पण नंतरचे काही क्षण डोळ्यांसमोर काहीच नसते. अशा दिव्यांवर कारवाईची मागणी रास्त आहे. मात्र दिवे बदलणाऱ्यांची अडचणही खरी आहे, आणि दोन्हींचे उत्तर दिव्याच्या कोनात दडलेले आहे.

दिवे बदलण्याची वेळ का येते?

जिल्ह्यातील बहुतेक ग्रामीण रस्त्यांवर पथदिवे नाहीत. पावसाळ्यात ओला डांबरी रस्ता उजेड गिळतो, तर हिवाळ्यात धानाच्या बांध्यांवर धुके उतरते. हंगामात धानाने भरलेली, मागचा दिवा नसलेली ट्रॉली अचानक समोर येते. जंगलपट्ट्यात वन्यप्राणी रस्ता ओलांडतात. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा मार्गावर मुरदोलीच्या जंगलात रात्री मोटारीच्या धडकेत एक वाघ जखमी झाला आणि नंतर दगावला. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाला जोडणाऱ्या या पट्ट्यात लांबचे दिसणे ही चैन नाही, गरज आहे. त्यामुळे चालक बाजारातून एलईडी बल्ब आणतो आणि जुन्या हॅलोजनच्या जागी बसवतो. घोळ इथे सुरू होतो.

एलईडी बल्ब बसवल्याने नेमके काय बिघडते?

हेडलाइट म्हणजे केवळ बल्ब नव्हे. बल्ब, त्यामागचा आरसा अर्थात रिफ्लेक्टर आणि पुढची काच यांचा तो एकत्रित हिशेब असतो. अनेक गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या ‘एच-४’ हॅलोजन बल्बमध्ये दोन तारा असतात. अप्परसाठी ६० वॅटची, डिप्परसाठी ५५ वॅटची. डिप्परच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते. त्यामुळे रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग वापरला जातो आणि झोत खाली, रस्त्यावर पडतो. झोताच्या वरच्या टोकाला एक स्पष्ट कडा तयार होते. कडेखाली उजेड, कडेवर अंधार. ही कडा डावीकडे थोडी वर चढते, म्हणजे रस्त्याच्या कडेचा पादचारी दिसतो आणि उजवीकडून येणारा चालक वाचतो.

या सगळ्या रचनेत तार नेमक्या जागी असणे गृहीत धरलेले असते. मिलिमीटरच्या अंशानेही प्रकाशाचा उगम सरकला, तर झोत विस्कटतो. एलईडी बल्बमध्ये तारेऐवजी सपाट चिप असते. तिचा आकार वेगळा आणि प्रकाश फेकण्याची दिशाही वेगळी. परिणामी उजेड वाढतो, पण तो हवा तिथे न पडता चहूकडे उधळतो. चालकाला गाडीपुढचा पहिला टप्पा लखलखीत दिसतो, त्याला बरे वाटते. प्रत्यक्षात जवळच्या झगमगाटामुळे डोळ्यांची बाहुली आकसते आणि दूरचे कमीच दिसते.

एका अंशाने एवढा काय फरक पडतो?

दिवा जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंचीवर आहे असे धरू. डिप्परचा झोत साधारण एक टक्का खाली झुकलेला असतो, म्हणजे दर १० मीटरला १० सेंटिमीटर. हा झोत ७० मीटरवर जमिनीला टेकतो. आता दिवा फक्त एक अंश वर उचलला गेला, तर झोत जमिनीला टेकतच नाही. ५० मीटरवर तो सुमारे १०७ सेंटिमीटर उंचीवर पोहोचतो. छोट्या मोटारीच्या चालकाचे डोळे जवळपास याच उंचीवर असतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा हा चालक तीन सेकंद दिपला, तरी त्याची गाडी ५० मीटर आंधळेपणाने पुढे जाते.

घरच्या घरी कोन कसा तपासावा?

गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून पाच मीटरवर सरळ उभी करावी. चाकांत योग्य हवा असावी, चालकाच्या जागेवर कुणीतरी बसलेले असावे आणि दिव्याची उंची बदलणारे बटण शून्यावर असावे. दिव्याच्या मध्यबिंदूची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर चिकटपट्टी लावावी. दुसरी पट्टी तिच्याखाली पाच सेंटिमीटरवर. डिप्पर लावल्यावर झोताची सपाट कडा खालच्या पट्टीवर यायला हवी. काही गाड्यांत दिव्यावर १.२ टक्के असा आकडा छापलेला असतो. तिथे सहा सेंटिमीटर धरावे. कडा वर असेल, तर दिव्यामागचा स्क्रू फिरवून ती खाली आणता येते.

या तपासणीत आणखी एक गोष्ट कळते. भिंतीवर कडा दिसतच नसेल, नुसताच पसरट पांढरा डाग दिसत असेल, तर तो बल्ब त्या रिफ्लेक्टरसाठी नाही. कोणताही स्क्रू फिरवून तो सुधारणार नाही. बल्ब काढणे हाच उपाय.

मागे पोती किंवा पाच माणसे बसली की गाडीचे नाक वर होते आणि झोतही. त्यासाठीच काही गाड्यांत शून्य ते तीन आकड्यांचे बटण असते. ओझे वाढले की आकडा वाढवायचा, म्हणजे झोत खाली येतो.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतील नियम १०६ नुसार दिवा असा हवा, की दिव्यापासून आठ मीटर पुढे, त्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि दीड मीटर उंचीवर डोळे असलेली व्यक्ती दिपणार नाही. नाहीतर चालकाला झोत तेवढा खाली करता आला पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या रचनेत परवानगीविना फेरफार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ मध्ये अशा प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हींची तरतूद आहे. म्हणजे कोन बरोबर केला तरी चुकीचा बल्ब नियमात बसत नाही.

मग अंधारात दिसायचे कसे?

आधी काच पाहावी. उन्हाने पिवळी पडलेली काच बराच उजेड अडवते. ती घासून स्वच्छ करता येते. मग होल्डर आणि अर्थिंग तपासावे. बल्बला मिळणारा दाब १० टक्क्यांनी घटला, तर हॅलोजनचा उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. त्यानंतर मूळ वॅटचाच चांगला नवा बल्ब आणि शेवटी कोन. एवढे करूनही डिप्परची मर्यादा राहतेच. ताशी ८० च्या वेगात चालकाला भान येऊन गाडी थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावरही जवळपास ७० मीटर लागतात. झोतही तेवढाच. जंगलपट्ट्यात वेग कमी ठेवण्याला कोणताही बल्ब पर्याय नाही.

तपासणी कोण करणार?

व्यावसायिक वाहनांच्या योग्यता तपासणीत हेडलाइटचा झोत पाहिला जातो. खासगी मोटारीला मात्र नोंदणीनंतर १५ वर्षांपर्यंत अशी तपासणी नाही आणि पीयूसी केंद्रात फक्त धूर मोजला जातो. म्हणजे ज्या गाड्यांत बल्ब सर्रास बदलले जातात, त्यांच्याकडेच कुणी पाहत नाही. जानेवारीतील रस्ता सुरक्षा अभियानात घोषणाफलकांसोबत एक भिंत, दोन चिकटपट्ट्या आणि एक जाणकार मिस्त्री उभा केला, तरी बरेच काम होईल. पावती फाडल्याने दंड भरला जातो, झोत खाली येत नाही. तो खाली आणायला स्क्रूच फिरवावा लागतो, आणि बल्ब चुकीचा असेल तर तो काढावा लागतो.