चवदार तळ्याच्या चित्रात तुमचा चेहरा का नाही?

गेल्या महिन्यात आमचा एक जुना मित्र आमच्यावर रुसला. भांडण पैशावरून झालं नाही, राजकारणावरूनही नाही. एका चित्रावरून झालं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून पाणी ओंजळीत घेतात, त्या चित्रात आपला चेहरा असावा असं त्याचं म्हणणं होतं. "बाबासाहेबांच्या मागे दुसऱ्या पायरीवर मला उभा करा. कोणाला कळणार आहे?" आम्ही नाही म्हणालो. तेव्हापासून त्याने आमचे भाग पाहणं सोडलंय असं तो सर्वांना सांगतो, आणि प्रत्येक भागातली चूक मात्र सगळ्यांच्या आधी तोच कळवतो.

आम्ही तिघं महाड-पोलादपूरची पोरं. महाडच्या संगराची चित्रकथा काढतो. दर रविवारी आठ चौकटी, मोबाईलवर पाहता येतील अशा. एक जण लिहितो, एक जण काढतो, एक जण कागदपत्रं आणि तारखा तपासतो. हप्त्यावर घेतलेला एक टॅब, एवढीच आमची छापखान्याची मालमत्ता. या कामात दोन गोष्टींनी आमचा जीव खाल्ला. एक, वाचणाऱ्यांचे गैरसमज. दोन, आपल्याच माणसांचा "मला पण घ्या" हा हट्ट. दोन्हींबद्दल स्पष्ट बोलायची वेळ आली आहे, कारण या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे असं आमचं मत झालं आहे.

आधी गैरसमज.

डिसेंबर १९२७ च्या भागात आम्ही एक चौकट काढली. हजारो सत्याग्रहींची मिरवणूक चवदार तळ्याला वळसा घालून जाते आहे आणि एकाचाही हात पाण्याला लागत नाही. ही चौकट कुणीतरी कापून पुढे ढकलली. संध्याकाळपर्यंत आम्हाला फोन सुरू : "तुम्ही बाबासाहेबांना माघार घेताना दाखवलं. किती पैसे मिळाले?" ज्यांनी विचारलं त्यांतल्या बऱ्याच जणांनी आधीची चौकट पाहिलीच नव्हती. त्या चौकटीत काय होतं? सनातन्यांनी महाडच्या दिवाणी न्यायालयातून १४ डिसेंबरला मिळवलेला तात्पुरता मनाई हुकूम. आणि मंडपात रात्रभर चाललेला खल : लढाई सनातन्यांशी आहे, आज हुकूम मोडून ती सरकारशी करायची का? बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करायचं ठरवलं, लोकांना पटवलं, आणि लढा कोर्टात नेला. फेब्रुवारी १९२८ मध्ये तो मनाई हुकूम उठला. मूळ दाव्याचा शेवटचा निकाल मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने दिला. जवळजवळ दहा वर्षं! दहा वर्षांच्या चिकाटीची पहिली पायरी आम्ही काढली, आणि कापलेल्या चित्रात ती माघार झाली.

दुसरी चौकट सहस्रबुद्ध्यांची. २५ डिसेंबरला मनुस्मृती दहनाचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला आणि पां. ना. राजभोज यांनी त्याला अनुमोदन दिलं. आम्ही दोघांनाही काढलं. लगेच प्रश्न : "ब्राह्मणाला कशाला पुढे आणता?" आम्ही पुढे आणलेलं नाही, तो तिथे उभाच होता. सुरबानाना टिपणीस महाडचे नगराध्यक्ष होते आणि सत्याग्रहाच्या बाजूने होते. अनंतराव चित्रे होते. सत्याग्रहाला महाडात कुणी जागा देईना तेव्हा ती फत्तेखान यांनी दिली. आणि या सगळ्यांच्या आधी, महाडला परिषद व्हावी म्हणून धडपडणारे रामचंद्र बाबाजी मोरे होते, त्या वेळी अवघ्या चोवीस वर्षांचे. मोरेंना पुसून टिपणीसांचा उदो उदो करणारा इतिहास आम्हाला नको. टिपणीसांना पुसून सोपा केलेला इतिहासही नको. ज्यांच्याकडे दाखवायला पुरावा नसतो त्यांना पुसापुशी लागते. आपल्याकडे पुरावा आहे.

कापलेल्या अर्ध्या गोष्टीने काय होतं हे महाडइतकं कुठल्या गावाला ठाऊक असणार? २० मार्चला आपली माणसं पाणी पिऊन परत मंडपात गेली, जेवायला बसली. तेवढ्यात गावात आवई उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. कुणी विचारलं नाही, कुणी खात्री केली नाही. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव मंडपावर चालून गेला, जेवणाऱ्यांना मारलं, अन्न मातीत कालवलं. कित्येकांनी मुसलमान घरांचा आसरा घेतला. नंतर तळं 'शुद्ध' करायला शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी पाण्यात ओतल्या गेल्या. कापलेली चौकट आणि वीरेश्वराची आवई यांत फरक फक्त वेगाचा आहे. म्हणून आपल्यातला कुणी, जयभीम म्हणणारा कुणी, पूर्ण न पाहता चित्र पुढे ढकलतो तेव्हा आम्हाला राग येतो. त्या आवईचा मार आपल्याच आजोबा-पणजोबांनी खाल्ला आहे.

पण थांबा. "वाचक अडाणी, आम्ही शहाणे" असं म्हणून हात झटकणं आम्हाला परवडणारं नाही.

२०१२ चं प्रकरण आठवा. अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात शंकर यांचं १९४९ चं व्यंगचित्र होतं : राज्यघटना नावाच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसले आहेत आणि मागे नेहरू चाबूक घेऊन उभे. मे महिन्यात संसदेत गदारोळ झाला, चित्र काढून टाकायचं ठरलं, सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी सल्लागारपद सोडलं. पुण्यात विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. ती तोडफोड चूक होती, हे आम्ही तेव्हाही मानत होतो, आजही मानतो. पण दुखावलेल्यांना "व्यंगचित्र कळत नाही" म्हणून हसणारे विद्वानही तितकेच चूक होते. उन्नमती श्यामसुंदर यांनी बाबासाहेबांवरची इंग्रजी वृत्तपत्रांतली शंभराहून अधिक व्यंगचित्रं शोधून २०१९ मध्ये पुस्तक केलं. ती एका ओळीत मांडली की दिसतं, बाबासाहेबांना कधी लहान पोरासारखं, कधी बाईच्या वेषात काढण्याची त्या काळच्या नामांकित चित्रकारांना केवढी हौस होती. ज्या समाजाने हे पिढ्यान्पिढ्या सोसलं, त्याची नजर चाबकावर आधी जाणार. तो गैरसमज नाही, तो अनुभव आहे. चित्र काढणाऱ्याने तो हिशोबात धरलाच पाहिजे.

आम्ही धरला. आता आमच्या प्रत्येक चौकटीत तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचं नाव असतं, म्हणजे चौकट कापली तरी तिचा पत्ता तिच्यासोबत जातो. तळ्याच्या मिरवणुकीच्या चौकटीतच आता मनाई हुकूम दिसतो. चित्र बदललं, सत्य काढलं नाही. सहस्रबुद्धे जिथे होते तिथेच आहेत.

आणि एकदा तर गैरसमज आमचाच निघाला. पोलादपूरच्या एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने विचारलं, "डिसेंबरच्या तुमच्या बारा चौकटींत एकही बाई नाही. परिषदेला बायका नव्हत्या का?" होत्या. २७ डिसेंबरला बाबासाहेब खास स्त्रियांशी बोलले होते, अस्पृश्यतेची खूण म्हणून अंगावर लादलेला पेहराव टाका म्हणाले होते, आणि बायकांनी लुगडं नेसण्याची रीत तिथल्या तिथे बदलली होती. हे आम्ही वाचलेलं होतं. तरी हाताने गर्दी काढताना पुरुषच काढले. आम्ही आधी तिला "पुढच्या भागात येणार आहे" असं खोटं सांगितलं. मग लाज वाटली, तो भाग पुन्हा काढला. टीका करणारा प्रत्येक जण गैरसमज करून घेतो असं मानणारा चित्रकार लवकरच पुरोहित होतो.

आता दुसरी गोष्ट, म्हणजे रुसलेला मित्र. तो एकटा नाही. एका कार्यकर्त्याला आपल्या नेत्याचा चेहरा झेंडा धरणाऱ्याला हवा आहे, वाढदिवस जवळ आला आहे म्हणून. एकाला लग्नाच्या पत्रिकेवर छापायला चौकट हवी, नवरा-नवरी सत्याग्रहात. एक जण तर दंगलखोर व्हायलाही तयार होता, फक्त चेहरा ओळखू यायला हवा! हसू नका. यामागची भूक आम्हाला कळते. आपल्या माणसांना चित्रात, पडद्यावर, पुस्तकात कधी जागाच मिळाली नाही. मिळाली ती कोपऱ्यात, हात जोडून. मग पहिल्यांदाच आपलं चित्र आपलीच पोरं काढताहेत म्हटल्यावर "मला घ्या" म्हणावंसं वाटणारच.

मित्राचा युक्तिवाद बिनतोड वाटावा असा होता : "गर्दीतले शेकडो चेहरे तुम्ही मनानेच काढता ना? मग त्यात माझा एक आला तर खोटं काय झालं?"

खोटं असं झालं. मनाने काढलेला चेहरा कोणाचाच दावा करत नाही. तो म्हणतो, इथे एक माणूस होता, त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही. तुझा ओळखीचा चेहरा दावा करतो की इथे तू होतास. आज ती गंमत आहे. उद्या कुणी ती चौकट कापेल, फ्लेक्सवर लावेल, खाली लिहील "चवदार तळ्याचा वारसा", आणि निवडणुकीला उभा राहील. कापलेल्या चौकटीने बाबासाहेबांची माघार दाखवली तशीच ही चौकट तुझा सत्याग्रह दाखवेल. पहिलं खोटं परक्याच्या हातून झालं तर आपण चिडतो, दुसरं दोस्तीखातर करायचं? चौकट म्हणजे साक्ष आहे. साक्ष उसनी देता येत नाही.

'भीमायन' हे पुस्तक २०११ मध्ये आलं. त्यात बाबासाहेबांच्या आयुष्याची चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी काढली आहेत. माणसांना चौकोनी डब्यांत कोंडायला त्यांनी नकार दिला. त्या पानांवर प्रेमाचं बोलणं पक्ष्याच्या आकारात येतं आणि जातीचं विष विंचवाच्या नांगीत. तिकडे अमेरिकेत १९५७ मध्ये माँटगोमेरीच्या बस बहिष्कारावर सोळा पानांचं स्वस्त कॉमिक निघालं. ते वाचलेल्या जॉन लुईस यांनी पुढे स्वतःच्या लढ्याची 'मार्च' ही चित्रकथा तीन भागांत सांगितली. चित्रकथा पोरखेळ आहे असं म्हणणाऱ्यांना आम्ही ही दोन नावं सांगतो. आणि "मला घे" म्हणणाऱ्यांनाही सांगतो, कारण लुईस स्वतःच्या चित्रात आहेत ते सेल्माच्या पुलावर डोकं फोडून घेतलं म्हणून.

मग आमच्या गर्दीत ओळखीचा एकही चेहरा नाही का? एक आहे.

पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवर एक आजी राहतात. त्यांचे सासरे खांद्यावर घोंगडी टाकून महाडला चालत गेले होते, अठरा-वीस किलोमीटर, आणि कपाळावर खोक घेऊन परतले होते. त्यांचा एकही फोटो नाही. आजींनी सांगितलं, आम्ही काढलं. पहिलं चित्र पाहून त्या म्हणाल्या, "मामंजींचं नाक इतकं सरळ नव्हतं रं. तुमी कोना सायबाला काढलंय." दुसऱ्यात मुंडासं चुकलं. तिसऱ्यात कान. चौथं चित्र त्यांनी बराच वेळ हातात धरलं आणि विचारलं, "खोक डाव्या अंगाला होती. ती का नाय काढली?" आम्ही काढली नव्हती कारण आमच्या चौकटीत ते अजून महाडला पोचायचे होते. हे सांगितल्यावर त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मंग बरोबर हाय."

मित्राने हेही ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे आजींची ओळख चालते, माझी नाही." बाबा रे, आजींनी स्वतःचा चेहरा मागितलाच नाही.

आता तोच मित्र मोटारसायकल घेऊन आमच्याबरोबर वाड्यांवर येतो. शेवटच्या चौकटीखाली सहाय्य म्हणून त्याचं नाव असतं. त्याला अजूनही दुसरी पायरी हवी आहे, हे आम्हाला माहीत आहे.

तर मित्रांनो, आमचं मागणं साधं आहे. चौकट कापू नका, पूर्ण भाग पाठवा. चूक दिसली तर तारखेसह सांगा, आम्ही पुन्हा काढू. सेल्फी पाठवू नका. त्याऐवजी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ तासभर बसा आणि महाडला कोण गेलं होतं ते विचारा. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या घराघरांत पाणी शिरलं, ट्रंकांतले फोटो आणि कागद चिखलात गेले. जे उरलं आहे ते माणसांच्या डोक्यात आहे, आणि ती माणसं दरवर्षी कमी होताहेत. त्या पायऱ्यांवर जागा खूप आहे. ती त्यांची आहे. आधी त्यांना उभं करू.

जयभीम!