आयती व्हॅन आणि बाबांचे गुडघे

"तयार मिळते ना विकत? मग स्वतः कशाला खटपट?" हा प्रश्न गेल्या तीन महिन्यांत मला सांगलीहून, पुण्याहून, ठाण्याहून आणि न्यू जर्सीहूनही आला. विचारणार्‍यांत दोन मामा, एक आत्या आणि एक सख्खा भाऊ आहे. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. ज्यांना एवढं वाचायचा कंटाळा येईल त्यांच्यासाठी उत्तर एका वाक्यात: तयार व्हॅन वाईट नसते, पण ती दुसर्‍याच कोणासाठी तरी केलेली असते.

आता सविस्तर. आम्ही राहतो डेट्रॉईटच्या उत्तरेला. जूनमध्ये आई-बाबा येताहेत. बाबा चौर्‍याहत्तरचे, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. आईला इन्सुलिन. मिशिगनच्या उत्तर भागात मॅकिनॉचा पूल आहे, १९५७ सालचा, जवळजवळ आठ किलोमीटर लांब. बाबांची सगळी नोकरी बांधकाम खात्यात गेली, त्यामुळे त्यांना तो पूल बघायचाय, नुसता बघायचा नाही तर त्याच्याजवळ एक दिवस बसायचंय. पुढे लेक सुपीरियरच्या काठाने पिक्चर्ड रॉक्सपर्यंत जायचं. मोटेलमध्ये दर रात्री बॅगा चढवणं-उतरवणं आणि आईने ब्रेडवर दिवस काढणं, हे दोन्ही टाळायचं म्हणून व्हॅन. एका डिलिव्हरीवाल्याची जुनी, रिकामी राम प्रोमास्टर घेतली आणि गराजमध्ये काम सुरू केलं.

तयार कँपर व्हॅनची किंमत इथे सहज एक लाख डॉलरच्या पुढे जाते. पण पैसे बाजूला ठेवू. त्या व्हॅन आतून बघितल्यात का? बर्‍याचशा गाड्यांत मागे उंचावर पलंग, त्याच्याखाली सायकली. म्हणजे झोपायला चढायचं आणि रात्री उठायचं तर शेजारच्याला ओलांडून उतरायचं. तिशीतल्या जोडप्याला हे मजेचं वाटेल. बाबांना रात्री दोनदा उठावं लागतं. त्यांच्यासाठी ती व्हॅन म्हणजे चाकांवरचा माळा!

म्हणून मी पहिलं माप व्हॅनचं घेतलंच नाही. बाबांना फोन करून सांगितलं, घरातल्या सगळ्या बसायच्या जागा मोजा आणि कुठून हात न टेकता उठता येतं ते सांगा. माणूस खुश! टेप घेऊन घरभर हिंडले. सोफा सोळा इंच, उठता येत नाही. दिवाण सतरा, खांब धरून. जेवणाची खुर्ची साडेअठरा, आरामात. बस, गादी दबल्यावर साडेअठरा इंच हे आमच्या व्हॅनमधलं सगळ्यात महत्त्वाचं माप ठरलं. बाकी सगळं त्याच्या मागून आलं.

पलंगाची रचनाही आम्हाला नवीन शोधावी लागली नाही, महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये ती आयुष्यभर बघितली आहे. समोरासमोर दोन लोअर बर्थ, मधे चालायची जागा. ही गाडी आतून साधारण १९० सेंटिमीटर रुंद. भिंतींचं इन्सुलेशन आणि प्लाय वजा केलं की १८० च्या आसपास उरतात. पासष्ट, पन्नास, पासष्ट. कोणीही कोणाला न ओलांडता उठू शकतो. दिवसा तिथेच बसायचं, पत्ते खेळायचे. (आम्ही दोघं कुठे झोपणार? बाहेर तंबूत. बायकोने हे अजून मनापासून मान्य केलेलं नाही. :-))

गाडी निवडतानाही तेच. प्रोमास्टर ही मुळात फियाटची डुकाटो. अमेरिकेत ती २०१३ मध्ये या नावाने आली. तिची ओढ पुढच्या चाकांवर, त्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा दांडा नाही आणि जमीन खाली बसते, रस्त्यापासून जेमतेम एकवीस इंच. मागच्या चाकांवर चालणारी फोर्ड ट्रान्झिट पाच-सात इंच उंच असते. बर्फात कुठली बरी, चढावर कुठली बरी, यावर लोक तासन् तास वाद घालतात. आमच्यासाठी वाद एकाच मुद्द्यावर संपला: मधे एक पायरी ठेवली की बाबा स्वतःच्या पायांनी आत जातात.

आता स्वैपाकघर. आईची पहिली अट गॅस. इंडक्शनवर फुलका फुगत नाही म्हणे. पण बंद गाडीत गॅस जाळणं म्हणजे नुसती उष्णता नव्हे. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते, आणि ती थंड पत्र्यावर जाऊन बसते. शिवाय कार्बन मोनॉक्साईडची भीती, ज्याला वासही नाही. तेव्हा आत इंडक्शन, आणि फुलक्यांसाठी एक छोटी शेगडी सरकत्या दाराबाहेर, उघड्या हवेत. फोडणीही तिथेच. पन्नास चौरस फुटांच्या खोलीत हिंग-मोहरीची फोडणी दिली तर तिचा वास पुलापलीकडे जाऊन परत येईपर्यंत पुरेल. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म तरीही लावणार, यात चर्चा नाही.

इंडक्शनचा हिशोब मामांसाठी. १८०० वॉटची शेगडी सांगलीच्या घरात साधारण आठ अँपिअर ओढते. तीच बारा व्होल्टच्या बॅटरीवरून चालवली की बॅटरीतून दीडशे अँपिअर निघतात. म्हणून केबल करंगळीएवढी जाड आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. दोनशे अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे अडीच युनिट. शेगडी पंधरा मिनिटं म्हणजे अर्धं युनिट, फ्रीज दिवसाला साधारण अर्धं. गाडी रोज दोन-तीन तास चालली तर इंजिनवरून बॅटरी पुन्हा भरते. ही बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही, ती कायमची खराब होते. म्हणून मिशिगनच्या हिवाळ्यात ती घरात मुक्कामाला येईल.

फ्रीजबद्दल मात्र मी कोणाचं ऐकणार नाही. न उघडलेलं इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं, आणि एकदा गोठलं की फेकूनच द्यायचं. छोट्या फ्रीजमध्ये मागच्या पट्टीजवळ बर्फ धरतो. म्हणून इन्सुलिनचा डबा पुढे, त्यात वेगळा थर्मामीटर. तयार व्हॅनच्या चकचकीत माहितीपत्रकात हा डबा कुठे ठेवायचा हे मला सापडलं नाही.

आता गराजकडे वळू, कारण भावाचा खरा आक्षेप तिथे आहे: "व्हॅनच्या नावाखाली तू हत्यारं जमवतोयस." आरोप गंभीर आहे. :-) माझं मत असं की आधी वर्कशॉप सजवून मग काम शोधणारे लोक शेवटी फक्त वर्कशॉपच सजवतात. मी नियम ठेवला, हत्यार कामाने मागितलं तरच घ्यायचं, आणि एकदाच लागणार असेल तर उसनं आणायचं. इथे कित्येक गावांच्या लायब्रर्‍या पुस्तकांसारखी हत्यारंही देतात. शेजारी एक निवृत्त डायमेकर आजोबा आहेत, त्यांच्याकडे तर खजिनाच आहे.

अशी गाळून उरलेली यादी: बॅटरीवरचा ड्रिल, रुळावर चालणारी करवत, जिगसॉ, सँडर, मल्टिमीटर, केबलची टोकं दाबायचं क्रिंपर, चांगला व्हॅक्यूम, आणि क्लँप, क्लँप, क्लँप. टेबल सॉ घेतली नाही. पाऊण इंची बर्च प्लायचं चार बाय आठचं शीट तीस-पस्तीस किलोंचं असतं. एकट्याने ते फिरत्या पात्यावर ढकलण्यापेक्षा शीट जमिनीवर फोमवर ठेवावं आणि करवत त्याच्यावरून न्यावी. जागाही वाचते आणि बोटंही.

आणि सगळ्यात उपयोगी पडलं ते फुकटचं, फ्रीजच्या खोक्याचं कार्डबोर्ड. व्हॅनमध्ये एकही भिंत सरळ नाही. ओळंबा आणि गुण्या तिथे हात जोडतात. आधी पुठ्ठा कापायचा, भिंतीला भिडवायचा, खरवडायचा, पुन्हा भिडवायचा, आणि मगच प्लायवर रेघ ओढायची. आजोबा म्हणतात तसं, पुठ्ठा रागावत नाही.

सगळंच स्वतः करावं असं माझं बिलकुल म्हणणं नाही. आमच्या गाडीत दोनच सीट होत्या आणि आम्ही चौघं. पलंगाला पट्टा बांधून आई-बाबांना त्यावर बसवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. टक्कर झाली तर तो पट्टा प्लायसकट उपटून येईल. मागचं सीट चाचणी झालेलंच घेतलं आणि ते गाडीच्या सांगाड्याला बसवायचं काम त्यातल्या माणसाला पैसे देऊन करून घेतलं. काय हाताने करायचं आणि काय नाही, हे ओळखणं हाही कारागिरीचाच भाग आहे.

कारागिरीवरून आठवलं. आत्याचा प्रश्न थोडा टोचला: "एवढा इंजिनियर होऊन सुतारकाम?" आत्या, इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी आमच्या वर्गातले निम्मे जॉब वर्कशॉपच्या मामांनीच घासून दिलेले असायचे. कानस नीट धरता न येणारी मुलं मशिन डिझाईनमध्ये डिस्टिंक्शनने पास व्हायची. हे फक्त कॉलेजचं नाही. हाताने काम करणारा खालचा आणि कागदावर करणारा वरचा, ही उतरंड आपल्या घराघरात आहे, आणि तिचं मूळ कुठे आहे हे तुला मी सांगायला नको. आमच्या वाड्याची दारं ज्या सुतारांनी केली त्यांचं आडनावही घरात कोणाला आठवत नाही. दारं मात्र अजून नीट लागतात.

दुसर्‍या टोकालाही माझा विरोध आहे. व्हॅनमध्ये राहणं म्हणजे साधेपणा, मुक्ती, वगैरे फोटोंखाली लिहिलेलं असतं. आपल्या सांगली-कोल्हापूरकडे दर हंगामात बीडहून ऊसतोडणीला माणसं येतात, चूल, भांडी, पोरं सगळं घेऊन, आणि महिनोन् महिने पालात राहतात. त्यांना कोणी साधेपणाचं कौतुक सांगत नाही. आमची व्हॅन ही हौस आहे, परवडते म्हणून आहे. हौसेला हौस म्हणावं, अध्यात्म म्हणू नये.

मग तयार घ्यावी की करावी? आठवड्याभराचीच सहल असेल आणि घरातले सगळे तडतडीत असतील तर सरळ भाड्याने घ्या, माझे शनिवार-रविवार कुठे गेले ते मलाच माहीत. पण ज्यांच्यासाठी करायचं त्यांची शरीरं कारखान्याच्या सरासरीत बसत नसतील, तर मात्र टेप हातात घ्यावीच लागते.

एक शेवटचं. गाडीचा पत्रा पातळ, त्यात स्क्रू टिकत नाही. म्हणून भोकात रिव्हनट बसवायचे, म्हणजे आटे मिळतात, आणि सगळं बोल्टने जोडायचं. गोंद कुठेही नाही. बर्थ चार बोल्ट काढून दोन इंच वर नेता येतो. बाबांना आज साडेअठरा इंच चालतात. पुढच्या खेपेला वीस लागतील, कदाचित जास्त. पाना दाराशेजारी अडकवून ठेवलाय.